चिखल्यांचे औषध घेताना

पावसाळा लागला की आमच्या अंजनगाव सुर्जीत एक दुखणे घरोघर येते. पायाच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, कातडी फुगते, चिरते, दिवसा खाज सुटते आणि रात्री आग होते. यालाच आपण चिखल्या म्हणतो. हा विषय वार्षिकांकाला शोभणारा नाही, असे काहींना वाटेल. परंतु या क्षुल्लक दुखण्यापायी गेल्या वर्षी माझ्या आईची तीन आठवड्यांची मजुरी बुडाली, आणि त्यात चूक माझी होती. म्हणून हा लेखनप्रपंच.

आई पानमळ्यात आणि पानपिंपरीच्या बागेत कामाला जाते. वेलींना सतत ओल लागते आणि मळ्यात चपला काढून शिरायचे, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे पावसाळाभर तिचे पाय ओलेच. हळद-तेल झाले, मेंदी झाली. शेजारच्या आजीने बिबा सुचवला. पण बिब्याने कातडी भाजते, हे आईला ठाऊक होते. शेवटी ती मला म्हणाली, "तूच आण वं बाई एखांदी ट्यूब. तू शिकलेली, मले का समजते?"

मी एका औषधाच्या दुकानात गेले आणि "चिखल्यांची ट्यूब द्या" एवढेच म्हणाले. तीन दिवसांत खाज थांबली. मला फार अभिमान वाटला. लावणे थांबवले की आठवड्यात दुखणे परत येई, की आम्ही पुन्हा तीच ट्यूब आणू. असे दोन महिने चालले. मग ते बोटांतून पायाच्या वरच्या भागावर पसरले. एके दिवशी पाय सुजून लाल झाला आणि आईला ताप भरला. दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी ट्यूब हातात घेतली आणि विचारले, "ही कुणी आणली?" मी मान खाली घातली. त्यांनी त्या दिवशी जे समजावून सांगितले आणि नंतर मी जे वाचले, ते थोडक्यात असे.

पहिली गोष्ट, चिखल्या चिखलाने होत नाहीत. त्या होतात एका बुरशीने. आपल्या कातडीत व नखांत केराटिन नावाचे द्रव्य असते, त्यावर ही बुरशी जगते. चिखल-पाणी फक्त कातडी मऊ करून तिला वाट देते. इंग्रजीत या रोगाला 'खेळाडूचा पाय' म्हणतात; कारण घामट बुटातही तिला हवी ती ओल मिळते. तेव्हा भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या आपल्या मित्रांनीही हे वाचावे.

आता दुकानातील ट्यूबांविषयी. त्या ढोबळमानाने दोन जातींच्या असतात. पहिल्या जातीत केवळ बुरशी मारणारे औषध असते: क्लोट्रिमाझोल १ टक्का, मायकोनाझोल २ टक्के किंवा टर्बिनाफिन १ टक्का. साध्या चिखल्यांना यांपैकी एक पुरे. व्हिटफिल्डचे मलम हे जुने व स्वस्त औषध. त्यात बेन्झोइक व सॅलिसिलिक आम्ल असते. मात्र चिरलेल्या कातडीवर ते झोंबते.

दुसऱ्या जातीत बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड मिसळलेले असते: क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन. मी आणलेली ट्यूब हीच. स्टेरॉइड शरीराचा दाह दाबते, म्हणून खाज व लाली झटपट जाते. पण दाह हा तर शरीराचा बुरशीशी चाललेला झगडा. तो दाबला की बुरशीला रान मोकळे मिळते. वरून बरे दिसते आणि आत पसरत जाते. पुढे कातडीही पातळ होते. अशा वेष पालटलेल्या बुरशीरोगाला 'टिनिया इनकॉग्निटो' हे नाव १९६८ साली देण्यात आले. भारतात अशा मिश्र मलमांचा इतका सुळसुळाट झाला की २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ बाह्योपचाराची स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली.

क्लोट्रिमाझोल आणि क्लोबेटासोल ही नावे कानाला किती सारखी लागतात पाहा! एक चोर पकडणारे, दुसरे चोरावर पांघरूण घालणारे. म्हणून नाव ऐकून नव्हे, वेष्टणावरील घटक वाचून ट्यूब घ्यावी. घटक एकच असावा. त्याच्या नावाने मागितले तर स्वस्तातली ट्यूबही तेच काम करते.

लावण्याचीही रीत आहे. पाय धुऊन बेचक्या फडक्याने कोरड्या कराव्यात. मलम दुखऱ्या जागेच्या थोडे बाहेरपर्यंत, पातळ लावावे. क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा लावतात आणि कातडी बरी दिसू लागल्यावरही दोन आठवडे चालू ठेवतात. आम्ही नेमके येथेच चुकलो. खाज थांबणे म्हणजे रोग जाणे नव्हे. पाय पुसायचे फडके प्रत्येकाचे वेगळे असावे. मोजे रोज धुऊन उन्हात वाळवावेत.

चार आठवड्यांत गुण आला नाही, नखे जाड व पिवळी झाली, पाय सुजला, पू आला किंवा ताप भरला, तर दुकान सोडून दवाखाना गाठावा. मधुमेह असणाऱ्याने तर आरंभीच जावे. आईच्या पायातील चिरांतून जंतू आत शिरले होते; त्यासाठी तिला वेगळे औषध घ्यावे लागले.

आई आता बरी आहे. ती अजूनही अनवाणीच मळ्यात शिरते. परंतु घरी आल्यावर पाय धुऊन, पुसून, चुलीजवळ बसून कोरडे करते. नवी ट्यूब आणली तेव्हा तिने ती माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "आंधी वाच, मंग लावतो." ती अक्षरे मुंगीएवढी आणि सगळी इंग्रजीत होती. मी खिडकीशी जाऊन एकेक शब्द लावून वाचली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांत वाचू शकणारे आपणच पहिले आहोत. घरचे लोक आपल्या शिक्षणावर डोळे मिटून विश्वास टाकतात. निदान आपण तरी डोळे उघडे ठेवून वाचावे.