राज्याला संघ सोडता येतो का? अमेरिकेनं शोधलेलं उत्तर

जानेवारी १८६५. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलं होतं. टेक्सास राज्य चार वर्षांपूर्वीच संघराज्यातून फुटून दक्षिणेच्या बंडखोर राज्यांच्या संघात, म्हणजे कॉन्फेडरसीत, सामील झालं होतं. आता त्याला पैशाची चणचण होती. हाताशी होते ते काही कर्जरोखे, आणि तेही शत्रूचे! १८५० मध्ये टेक्सासनं न्यू मेक्सिकोकडच्या मोठ्या प्रदेशावरचा आपला दावा सोडला होता, त्याच्या मोबदल्यात अमेरिकी सरकारनं दिलेले हे रोखे. टेक्सासच्या लष्करी मंडळानं त्यांतल्या १३५ रोख्यांचा सौदा जॉर्ज व्हाइट आणि जॉन चाइल्स या दोघांशी केला. बदल्यात कापूस विंचरायची साधनं आणि औषधं मिळायची होती.

काही महिन्यांत कॉन्फेडरसी कोसळली. १८६७ मध्ये टेक्सासच्या नव्या सरकारनं थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला: ते रोखे राज्याचे आहेत, परत द्या. प्रतिवादींनी आधी वेगळाच मुद्दा काढला. सर्वोच्च न्यायालयात असा थेट दावा राज्यच लावू शकतं, आणि टेक्सास राज्य उरलंच कुठे आहे? ते संघातून निघून गेलं होतं, आणि आजही तिथे लष्कराचा अंमल आहे, काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, त्याचा एकही प्रतिनिधी नाही.

रोख्यांचा निकाल लावण्याआधी न्यायालयाला त्यामुळे एक मोठा प्रश्न सोडवावा लागला. फुटल्याची घोषणा केल्यावर टेक्सास खरोखर बाहेर गेलं होतं का?

घटनेतलं मौन

अमेरिकेच्या घटनेत राज्यानं संघ सोडण्याबद्दल एक शब्दही नाही. परवानगीही नाही, मनाईही नाही. हे मौन समजून घ्यायचं तर तिच्याआधीचा करारनामा पाहावा लागतो.

स्वतंत्र झालेल्या १३ वसाहतींनी १७८१ मध्ये जो पहिला करारनामा लागू केला, त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या. प्रत्येक राज्य आपलं सार्वभौमत्व राखून आहे, असं त्यात म्हटलं होतं. आणि हा संघ कायमचा आहे, असंही म्हटलं होतं. व्यवहारात पहिल्या वाक्याची सरशी झाली. मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवता येत नव्हता, राज्यांकडे पैसे मागावे लागत, आणि करारनाम्यात बदल करायचा तर तेराही राज्यांचा होकार लागे.

१७८७ मध्ये फिलाडेल्फियात नवी घटना लिहिली गेली. तिच्यात केंद्राला कर, सैन्य आणि आंतरराज्य व्यापाराचे अधिकार मिळाले. केंद्राचे घटनात्मक कायदे राज्यांच्या कायद्यांहून श्रेष्ठ ठरले. राज्यांना परराष्ट्रांशी तह करायला आणि नाणी पाडायला बंदी झाली. उरलेले अधिकार राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतील, अशी हमी १७९१ च्या दहाव्या घटनादुरुस्तीनं दिली. सार्वभौमत्व असं विषयवार वाटलं गेलं: काही बाबतींत केंद्राचा शब्द शेवटचा, काही बाबतींत राज्याचा.

वाटणीवरून वाद झाला तर निवाडा कोणी करायचा, हे मात्र घटनेनं स्पष्ट सांगितलं नाही. पुढच्या सत्तर वर्षांतली भांडणं याच फटीतून आली. त्यांत तीन निरनिराळ्या मागण्या होत्या आणि त्यांची गल्लत आजही होते. एक, केंद्राचा कायदा आपल्या हद्दीत रद्द करणं. दोन, संघ सोडून जाणं. तीन, कायदा मान्य ठेवून त्याच्या अंमलबजावणीला हात न लावणं, म्हणजे असहकार.

कायदा रद्द करण्याचा प्रयोग

पहिल्या मागणीची कसोटी १८३२ मध्ये लागली. केंद्रानं आयात मालावर भारी जकात बसवली होती. उत्तरेच्या कारखान्यांना ती सोयीची होती. कापूस निर्यात करून बाहेरचा माल विकत घेणाऱ्या दक्षिणेला जाचक. नोव्हेंबर १८३२ मध्ये साउथ कॅरोलिनाच्या खास परिषदेनं ठराव केला, की १ फेब्रुवारी १८३३ पासून हे जकातकायदे आमच्या राज्यात लागू नाहीत. त्यामागचा सिद्धान्त जॉन कॅल्हून यांनी मांडला होता: संघ हा सार्वभौम राज्यांनी केलेला करार आहे, तेव्हा करार मोडला गेला की नाही हे प्रत्येक राज्यानंच ठरवायचं.

अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन स्वतः दक्षिणेचे, गुलामांचे मालक. तरीही डिसेंबरमध्ये त्यांनी जाहीरनामा काढून हा ठराव घटनाविरोधी ठरवला. मार्च १८३३ मध्ये काँग्रेसनं एकीकडे बळाचा वापर करायची मुभा देणारा कायदा केला आणि दुसरीकडे जकात टप्प्याटप्प्यानं कमी करण्याची तडजोड केली. साउथ कॅरोलिनानं ठराव मागे घेतला. भांडण मिटलं, पण सिद्धान्त मेला नाही.

फुटण्याची वेळ

नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन निवडून आले. २० डिसेंबरला साउथ कॅरोलिना फुटलं, आणि पाहता पाहता फुटीर राज्यांचा आकडा ११ वर गेला. त्यांचा युक्तिवाद असा, की राज्यांनी स्वेच्छेनं घटना मंजूर केली होती, तेव्हा स्वेच्छेनं ती मंजुरी परतही घेता येते. भागीदार नोटीस देऊन पेढीतून बाहेर पडतो, तसं.

लिंकन यांचं उत्तर होतं, की करार म्हटला तरी तो एकतर्फी मोडता येत नाही. शिवाय संघ घटनेच्याही आधीचा आहे, आणि स्वतःच्या अंताची तरतूद कोणतंही सरकार आपल्या मूळ कायद्यात करत नसतं. मावळते अध्यक्ष जेम्स बुकॅनन मात्र मध्येच अडकले होते. राज्याला फुटण्याचा हक्क नाही, पण फुटलेल्या राज्याला बळानं रोखण्याचा अधिकार केंद्रालाही नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

ही लढाई राज्यांच्या अधिकारांसाठी होती असं पुष्कळदा सांगितलं जातं. साउथ कॅरोलिनाचं स्वतःचं निवेदन वाचलं तर वेगळं चित्र दिसतं. त्यातली मुख्य तक्रार उत्तरेकडच्या राज्यांविरुद्ध होती: पळून आलेले गुलाम ही राज्यं परत करत नाहीत, केंद्राच्या कायद्याला दाद देत नाहीत. म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेला केंद्र बळकट हवं होतं, आणि राज्याचा अधिकार वापरत होती उत्तर. कॉन्फेडरसीनंही आपल्या घटनेच्या प्रास्ताविकात राज्यांचं सार्वभौमत्व मिरवलं, पण उभं केलं ते 'कायमस्वरूपी' संघीय सरकार. संघ सोडण्याचा हक्क त्यांनीही लिहून ठेवला नाही.

रोख्यांचा निकाल

सहा लाखांहून अधिक सैनिकांचा बळी घेऊन युद्ध संपलं. पण युद्ध जिंकणं म्हणजे कायद्याचा प्रश्न सुटणं नव्हे. तो 'टेक्सास विरुद्ध व्हाइट' या खटल्यात एप्रिल १८६९ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी सुटला. निकाल लिहिला सरन्यायाधीश सॅमन चेस यांनी. युद्धकाळात ते लिंकन यांचे अर्थमंत्री होते.

चेस यांनी टप्प्याटप्प्यानं मांडणी केली. पहिल्या करारनाम्यात संघ कायमचा म्हटला होता. नवी घटना तो 'अधिक परिपूर्ण' करण्यासाठी आली. कायमच्या गोष्टीला अधिक परिपूर्ण केल्यावर ती मोडण्याजोगी कशी होईल? तेव्हा घटनेला अभिप्रेत आहे तो अविनाशी राज्यांचा अविनाशी संघ. टेक्सासचा फुटण्याचा ठराव आणि त्यावरचं सार्वमत कायद्याच्या दृष्टीनं शून्य. राज्य क्षणभरही बाहेर गेलं नव्हतं. त्याचं सरकार तेवढं बंडखोरांच्या हाती पडलं होतं.

मग त्या चार वर्षांतले सगळे व्यवहार रद्द समजायचे? तसं केलं असतं तर त्या काळातली लग्नं आणि जमिनीची खरेदीखतंही बाद झाली असती. म्हणून न्यायालयानं भेद केला. समाजाचं रोजचं जगणं चालवणारे कायदे वैध, बंडाला हातभार लावणारे अवैध. मूळ कायद्यानुसार हे रोखे दुसऱ्याच्या हाती वैध ठरायला टेक्सासच्या गव्हर्नरची सही लागे. बंडखोर विधिमंडळानं १८६२ मध्ये ती अट काढली होती. ती काढणं बंडासाठी होतं, म्हणून अवैध. आणि म्हणून रोख्यांवर हक्क टेक्सासचाच.

न्यायमूर्ती रॉबर्ट ग्रिअर यांनी असहमती नोंदवली. ज्या प्रदेशावर लष्कराचा अंमल आहे आणि ज्याचा काँग्रेसमध्ये प्रतिनिधी नाही त्याला राज्य म्हणणं हे कायद्यानं मानलेलं कल्पित झालं, वस्तुस्थिती नव्हे, असा त्यांचा रोख होता. आक्षेप बिनबुडाचा नव्हता: टेक्सासला काँग्रेसमध्ये पुन्हा जागा मिळाली ती १८७० मध्ये.

चेस यांनी दोन वाटा उघड्या ठेवल्या होत्या. एक क्रांतीची, जिला कायदा लागत नाही. दुसरी इतर राज्यांच्या संमतीची. ती कशी द्यायची हे त्यांनी सांगितलं नाही; सामान्यतः घटनादुरुस्ती हाच तिचा मार्ग मानला जातो. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं आणि पन्नासपैकी ३८ राज्यांची मंजुरी, असा तो रस्ता आहे. टेक्सासला सामील होतानाच बाहेर पडण्याची खास सवलत मिळाली होती, हा समज मात्र चुकीचा आहे. १८४५ च्या ठरावात टेक्सासच्या संमतीनं त्यातून आणखी चारपर्यंत राज्यं करण्याची तरतूद होती, संघ सोडण्याची नव्हे.

डॉ. आंबेडकरांनी घेतलेला धडा

या इतिहासाचा भारताच्या घटनेशी थेट संबंध आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारताला राज्यांचा 'युनियन' का म्हटलं ते सांगितलं. राज्यांना फुटण्याचा हक्क नाही हे ठरवायला अमेरिकेला यादवी युद्ध करावं लागलं. तो वाद पुढे उद्भवू नये म्हणून मसुदा समितीनं ते सुरुवातीलाच स्पष्ट केलं, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. पुढे १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीनं निवडणुकीच्या उमेदवारांनाही देशाच्या सार्वभौमत्वाची आणि अखंडतेची शपथ लावली.

चेस यांच्या सूत्रातला 'अविनाशी राज्यं' हा भाग मात्र भारतानं घेतला नाही. अमेरिकेत राज्याचे तुकडे करायला त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. युद्धाच्या धामधुमीत १८६३ मध्ये व्हर्जिनियातून वेस्ट व्हर्जिनिया वेगळं काढतानाही, व्हीलिंगमध्ये बसलेल्या केंद्रनिष्ठ व्हर्जिनिया सरकारची संमती कागदोपत्री घेतली गेली. आपल्याकडे तिसऱ्या कलमाखाली राज्याच्या विधिमंडळाचं मत फक्त मागवलं जातं. ते बंधनकारक नसतं. मुंबई राज्यानं हे अनुभवलं. राज्य पुनर्रचनेच्या विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई असे तीन वेगळे घटक होते. संसदेनं ते बदलून १९५६ मध्ये द्विभाषिक राज्य केलं. बदलानंतर विधिमंडळाला पुन्हा विचारलं नाही, या मुद्द्यावर बाबुलाल पराते न्यायालयात गेले. पुन्हा विचारण्याची गरज नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्ये दिला. संघ अविनाशी, राज्यं नव्हेत, ही भारताची निवड आहे.

उरला तो असहकार

अमेरिकेत संघ सोडणं बंद झालं, कायदा रद्द करणंही बंद झालं. १९५७ मध्ये आर्कन्सॉच्या गव्हर्नरनं लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना येऊ दिलं नाही, तेव्हा अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सैन्य पाठवलं. पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं, की आमचे निकाल राज्यांवर बंधनकारक आहेत.

तिसरी मागणी, असहकार, टिकली. तिचं मूळ गुलामांच्याच खटल्यांत आहे. १८४२ च्या 'प्रिग' खटल्यात न्यायालयानं पळालेल्या गुलामांबाबतचा केंद्राचा कायदा उचलून धरला, पण तो राबवायची सक्ती राज्यांच्या अधिकाऱ्यांवर करता येत नाही, असंही नोंदवलं. उत्तरेकडच्या काही राज्यांनी त्याच आधारावर आपले तुरुंग आणि अधिकारी या कामाला द्यायचं थांबवलं. १९९७ मध्ये 'प्रिंट्झ' खटल्यात हाच विचार पक्का नियम झाला. बंदूक घेणाऱ्याची चौकशी स्थानिक शेरीफनं करावी, हा केंद्राचा हुकूम न्यायालयानं रद्द केला. कायदा केंद्राचा असेल तर माणसंही केंद्रानं लावावीत.

गांजाच्या बाबतीत हे रोज दिसतं. केंद्राच्या कायद्यानं तो निषिद्ध आहे, आणि राज्यानं परवानगी दिली म्हणून तो कायदा संपत नाही, हे २००५ मध्ये न्यायालयानं सांगितलं. तरी कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी २०१२ मध्ये तो खुला केला आणि पुढे परवानाधारक दुकानं उघडली. गल्लीबोळात कारवाई करायला लागणारं पोलीसबळ राज्यांकडे आहे, आणि ते वापरायची सक्ती केंद्र करू शकत नाही.

केंद्राकडे उरतं पैशाचं हत्यार. दारू पिण्याचं किमान वय २१ न करणाऱ्या राज्यांच्या महामार्ग निधीतून छोटा हिस्सा कापण्याची अट १९८७ मध्ये न्यायालयानं मान्य केली. २०१२ मध्ये मात्र त्याच न्यायालयानं मर्यादाही घातली: गरिबांच्या आरोग्य योजनेचा विस्तार न करणाऱ्या राज्याचा सगळाच चालू निधी रोखण्याची धमकी म्हणजे प्रलोभन नव्हे, जबरदस्ती आहे.

म्हणून अमुक राज्यानं वॉशिंग्टनला आव्हान दिलं अशी बातमी आली, की घोषणांकडे न बघता एक गोष्ट तपासावी. राज्य आपली माणसं, आपले तुरुंग आणि आपला पैसा केंद्राच्या कामाला द्यायला नकार देत आहे, की केंद्राच्या माणसांना त्यांचं कायदेशीर काम करू देत नाही? पहिल्या नकाराला घटनेचा आधार आहे. दुसऱ्याला तो नाही, मग त्याला सार्वभौमत्वाचं कितीही भारदस्त नाव द्या.