आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

पवनी तालुक्यातील आसगावसारख्या गावातून भाजीपाला नेणारी जुनी पिकअप वैशाखात धापा टाकू लागली, की मालक प्रथम इंजिनाला दोष देतो व कर्ज काढून ते उघडतो. वस्तुतः १५ अंशांची हवा ४५ अंशांवर गेली, की तिची घनता सुमारे १० टक्क्यांनी घटते. तेव्हा शक्ती थोडी उणावणे हा निसर्गनियमच होय. त्याहून अधिक धाप लागल्यास आधी रेडिएटरच्या जाळीतील धूळ, पंख्याचा सैल पट्टा, तुंबलेला एअर फिल्टर आणि, गाडी थंड झाल्यावर, रेडिएटरच्या झाकणाचे रबर पाहावे. हे झाकण दाब राखते, म्हणूनच पाणी १०० अंशांवरही उकळत नाही. देखभालीचा वाचवलेला पैसा आपण नफ्यात धरतो. तो नफा मात्र भाजीबरोबर रस्त्यावरच सुकतो.