एका स्टेशनचा कायमचा पत्ता

बँकेत खाते उघडण्याच्या अर्जात ‘कायमचा पत्ता’ असा एक रकाना असतो. उभ्या नोकरीत तो माझ्या डोळ्यांखालून हजारो वेळा गेला असेल. पण त्या दोन शब्दांशी मी एकदाच अडखळलो.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. इंदापूर तालुक्यातल्या एका शाखेत मी नवाच अधिकारी होतो. भिगवणकडचे एक आबा उसाचे बिल जमा करायला खाते उघडायला आले. अर्ज मीच भरत होतो. कायमचा पत्ता विचारला, तर म्हणाले, “सायेब, कायमचं सगळं उजनीच्या पाण्यात गेलं. डिकसळ ठेसन, पुलापाशी, असं लिवा.”

मी नव्या गावठाणाचा पत्ता लिहिला. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी अंगठा उमटवला आणि निघून गेले. मला मात्र चैन पडेना. पुढच्या रविवारी एस. टी. पकडून मी डिकसळ गाठले.

आज हे नाव कितीजणांना ठाऊक असेल? पण आपल्या रेल्वेच्या इतिहासात त्याला मान आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. १८५८च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे रूळ सुरू झाले आणि त्याच डिसेंबरात ते डिकसळपर्यंत पोहोचले. बोरघाटाची चढण तेव्हा पुरी झालेली नव्हती. ती झाली १८६३ साली. तोवर मुंबईचा प्रवासी घाटाच्या पायथ्याशी उतरायचा, पालखीतून नाही तर बैलगाडीतून वर यायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. त्याची ती गाडी काही महिने डिकसळलाच थांबत होती. पुढे भीमा आडवी होती. नदी ओलांडून १८६० साली गाडी सोलापूरला गेली आणि रुळांचे टोक असलेले डिकसळ वाटेवरचे एक साधे स्टेशन झाले.

शेजारच्या बारामतीला रेल्वे यायला १९१४ साल उजाडले. तीही दौंडहून, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी. नीरेच्या डाव्या कालव्याने ऊस आणि गूळ पिकवला होता. त्याला बाजार हवा होता. आता तिथे ब्रॉडगेज आहे. इंदापूर शहरातून मात्र रूळ कधी गेलेच नाहीत. रेल्वे कुठे जाते, हे गावाचा मोठेपणा ठरवत नाही. नदी, चढण आणि माल ठरवतात.

आणि कधी कधी धरण ठरवते. भीमेवरचे उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झाले. जलाशय भिगवणच्याही मागे पसरला. रेल्वेने आपला मार्ग बदलला. काठच्या माणसांनाही घरे बदलावी लागली. फरक इतकाच, की रेल्वेला नवा मार्ग आखायला अभियंते होते.

जुना पूल तेवढा राहिला. मी गेलो तेव्हा त्यावरून सायकली आणि ट्रॅक्टर पलीकडच्या करमाळा तालुक्याकडे चालले होते. आगगाडीसाठी बांधलेला पूल माणसांच्या कामी आला होता. खाली पाणी संथ होते. त्याच पाण्यावर आबांचा नवा ऊस उभा होता आणि त्याच पाण्याखाली त्यांची जुनी जमीन. जमाखर्चाच्या दोन्ही बाजूंना एकच नोंद! माझ्या बँकेच्या हिशेबात हे कुठे बसणार होते?

आता तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला शहरातून मोटारी येतात. नातवंडांना घेऊन मीही जातो. त्यांना पक्षी दाखवून झाले, की पूल दाखवतो.

सोमवारी शाखेत गेल्यावर मी आबांचा अर्ज पुन्हा काढला होता. नव्या गावठाणाच्या पत्त्याखाली थोडी जागा शिल्लक होती. तिथे बारीक अक्षरांत लिहिले : ‘मूळ राहणार डिकसळ स्टेशन, पुलाजवळ.’

तपासनीस साहेबांनी पुढे विचारले, हे कशाला? मी म्हणालो, “खातेदाराने सांगितले म्हणून.”