घरगुती इंटरनेट-जोडणीसाठी राखीव बॅटरीची निवड

संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यास घरी बसून करावयाच्या कामांपैकी बरीचशी कामे आज इंटरनेटच्या जोडणीवर अवलंबून असतात. नियतकालिकांतील लेख मिळविणे, मार्गदर्शकांशी चर्चा, चर्चासत्रातील निबंधवाचन आणि क्वचित मौखिक परीक्षाही याच मार्गाने होते. वीज गेली असता लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू राहतो; राउटर मात्र तत्क्षणी बंद पडतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशाचा वीजपुरवठा काही तास खंडित झाला. त्या सुमारास अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा चालू होत्या व त्या दिवशीच्या काही परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. एवढी व्यापक घटना विरळाच. परंतु पावसाळ्यात तालुक्याच्या गावी तास-दोन तास वीज जाणे ही नित्याची बाब आहे. अशा वेळी जोडणी टिकविण्यास किती ऊर्जा लागते आणि ती अल्प खर्चात कशी साठवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम गरजेचे माप घेऊ. राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर असे लिहिलेले असेल, तर त्या अडॅप्टरची कमाल शक्ती १२ वॉट होय. प्रत्यक्ष व्यय बहुधा याहून बराच कमी असतो. फायबरची पेटी व राउटर ही दोन्ही मिळून १० वॉट घेतात असे धरू. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, हे ध्यानी घेतल्यास ही गरज किती लहान आहे ते कळून येईल. चार तासांसाठी ४० वॉट-तास एवढी ऊर्जा पुरे.

गरज एवढी लहान असूनही पुष्कळ लोक संगणकासाठी मिळणारा ६०० व्होल्ट-अँपिअरचा यूपीएस आणतात. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. व्होल्ट-अँपिअरचा आकडा यंत्र किती भार पेलू शकेल हे सांगतो. तो भार किती वेळ पेलला जाईल हे बॅटरीतील वॉट-तासांवरून ठरते. अशा यूपीएसमध्ये सामान्यतः १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी असते. म्हणजे नाममात्र ८४ वॉट-तास. त्यांपैकी ६० वापरण्याजोगे धरू. हा यूपीएस बॅटरीतील दिष्ट प्रवाहाचे २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो, आणि राउटरचा अडॅप्टर त्याचे पुन्हा १२ व्होल्टच्या दिष्ट प्रवाहात रूपांतर करतो. या उलटसुलट व्यवहारात यंत्राचा स्वतःचा व्यय १५ वॉट धरला, तर बॅटरीवर एकूण २५ वॉटांचा भार पडतो व ती दोन तास चोवीस मिनिटांत संपते. तीच बॅटरी केवळ दिष्ट प्रवाहाच्या नियामकामार्फत जोडली आणि भार ११ वॉट धरला, तर सुमारे साडेपाच तास पुरेल. भार फार लहान असला की रूपांतराचा व्ययच मुख्य ठरतो, हे या उदाहरणाचे तात्पर्य.

म्हणून थेट १२ व्होल्टचा दिष्ट प्रवाह देणारा छोटा यूपीएस या कामास अधिक योग्य. तो अडॅप्टर व राउटर यांच्या मध्ये जोडला जातो आणि वीज जाताच विनाखंड भार घेतो. घरात इन्व्हर्टर असला तरी त्याच्या बदलाच्या क्षणी राउटर पुन्हा सुरू होऊ लागत असेल, तर तेवढी फट बुजविण्यासही हाच उपयोगी पडतो. मात्र खरेदीपूर्वी यंत्राचा दाब पाहिलाच पाहिजे. काही राउटर ९ किंवा ५ व्होल्टवर चालतात. पिनेचा बाह्य व्यास बहुधा ५.५ मिलिमीटर असतो, पण आतील व्यास २.१ व २.५ अशा दोन मापांचा आढळतो. मधला ध्रुव धन आहे की ऋण, हेही अडॅप्टरवरील आकृतीवरून ताडून घ्यावे.

या उपकरणांच्या वेष्टनावरील मिलिअँपिअर-तासांचा आकडा विशेष फसवा असतो. १०,००० हा आकडा वाचून १२ व्होल्टने गुणल्यास १२० वॉट-तास येतात व बारा तासांची आशा उत्पन्न होते. वस्तुतः तो आकडा आतील लिथियम-आयन घटांचा असतो आणि त्यांचा दाब ३.७ व्होल्ट. म्हणजे साठा ३७ वॉट-तासांचाच. रूपांतरात १५ टक्के गेले असता हाती साडेएकतीस उरतात व १० वॉटांचा भार तीन तासांहून थोडा अधिक काळ चालतो. आपल्या चार तासांच्या गरजेसाठी ही तूट, आणि काही वर्षांनी बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर येईल हा हिशेब धरता, सुमारे ६० वॉट-तासांचा, म्हणजे १६,००० मिलिअँपिअर-तासांचा साठा हवा.

स्वस्त कोणते, हे केवळ किमतीवरून ठरत नाही. किमतीस प्रत्यक्ष मिळणाऱ्या वॉट-तासांनी व अपेक्षित वर्षांनी भागून तुलना करावी. १८५९ साली प्लांते यांनी सिद्ध केलेली शिसे-आम्ल बॅटरी घेताना स्वस्त पडते. पण २५ अंश सेल्सिअसच्या वर दर १० अंशांस तिचे आयुष्य ढोबळ मानाने निम्मे होते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात हा दोष उपेक्षणीय नाही. १९९७ साली गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणलेल्या लिथियम-लोह-फॉस्फेट रसायनाचा घट ३.२ व्होल्टचा असतो. तो अधिक सुरक्षित आणि दीर्घायुषी आहे. कोणतेही उपकरण घेताना भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी-क्रमांक पाहावा.

शेवटी एक मर्यादा. आपला राउटर चालू राहिला तरी पुढची वाट खुली असेलच असे नाही. घरापर्यंत येणाऱ्या निष्क्रिय फायबर-जाळ्यात वाटेतील विभाजकास वीज लागत नाही. केंद्रात राखीव वीज असली की जोडणी टिकते. परंतु इमारतीच्या गच्चीवर किंवा गल्लीत स्विच बसवून तेथून तांब्याची तार दिलेली असेल, तर तो स्विच बंद पडताच आपली बॅटरी व्यर्थ ठरते. याची परीक्षा विनाखर्च होते: पुढील खेपेस वीज जाईल तेव्हा शेजारच्या इन्व्हर्टरवर किंवा उसन्या बॅटरीवर आपली पेटी चालवून पाहावी. जोडणी टिकत नसेल, तर तो पैसा मोबाइलच्या डेटावर खर्च करणे शहाणपणाचे. टिकत असेल, तर बॅटरी आणल्यावर ती पूर्ण भरून, वीज तोडून, ती किती तास पुरते हे घड्याळ लावून मोजावे आणि ही मोजणी दर सहा महिन्यांनी करावी. मौखिक परीक्षेच्या दिवशी वेष्टनावरील आकड्यावर नव्हे, या मोजणीवर विसंबावयाचे असते.