उतरताना लिफ्ट कशाला?

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर उंचवटा म्हणावा असं काही नाही. जवळ रेल्वे, पलीकडे खाडी आणि मिठागरं, सगळं समुद्रसपाटीला चिकटलेलं. त्यामुळे इथल्या ट्रेकरमंडळींचं एक वाक्य ठरलेलं असतं: ‘आपल्याकडे डोंगरच नाही, तयारी करणार कुठे? जे काय ते शनिवार-रविवारी सह्याद्रीत.’ डोंगरात पळणं, कातळ चढणं आणि मधल्या दिवसांत शरीराला सावरू देणं, या तिन्हींची मोट बांधताना जे घोटाळे होतात, त्यातले निम्मे या वाक्यातून निघतात.

आधी हिशेब करू. सात मजली इमारत, मजला तीन मीटरचा, म्हणजे जिन्याची उंची 21 मीटर. बारी गावातून कळसूबाईचा चढ साधारण 900 मीटरचा. आठवड्यातून दोन संध्याकाळी दहा-दहा फेऱ्या मारल्या तर 420 मीटर चढ झाला, जवळजवळ निम्मं कळसूबाई. त्यासाठी कसारा लोकल पकडावी लागली नाही. शिवाय बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान तीन स्टेशनांवर आहे आणि कान्हेरीकडे जाणारा रस्ता चढाचाच आहे. डोंगर नाही ही सबब इथे संपते.

जिना चढणारे बरेच जण मात्र वर पोहोचले की लिफ्टचं बटण दाबतात. कारण काय, तर ‘उतरताना गुडघे जातात.’ हा गैरसमज सगळ्यात चिवट आणि सगळ्यात महागात पडणारा. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना तो ताणला जात असताना शरीराचा भार रोखून धरतो. दम चढताना लागतो, पण स्नायूंची खरी मोडतोड उतारावर होते. कळसूबाईच्या शिड्या चढून गेलेला गडी खाली येताना शेवटच्या टप्प्यात लटपटतो तो याचमुळे; वर नेणारी ताकद त्याने कमावलेली असते, खाली आणणारी नसते. ही ताकद उतरूनच येते. आणि शरीर यात उदार आहे: उताराचा एक बेताचा सराव झाला की पुढच्या खेपेला तेवढ्याच उताराने पाय खूपच कमी भरून येतात, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं.

तैवानमधला एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. स्थूल, वयस्कर स्त्रियांचे दोन गट केले. एक गट जिना चढून लिफ्टने खाली यायचा, दुसरा लिफ्टने वर जाऊन जिना उतरायचा. बारा आठवड्यांनी पायांची ताकद आणि हाडांची घनता या दोन्हींत उतरणाऱ्यांची सुधारणा जास्त होती. आपल्या सोसायटीत नेमकं उलटं चालतं! राहिली गुडघ्यांची झीज. त्याच वर्षीच्या एका मोठ्या आढाव्यात हौशी धावपटूंमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण 3.5 टक्के निघालं, बैठ्या लोकांमध्ये 10.2 टक्के. स्पर्धात्मक धावपटूंमध्ये मात्र ते 13.3 टक्के होतं, तेव्हा अतिरेकाला सूट नाही. गुडघा आधीच दुखत असेल तर अर्थातच आधी डॉक्टर.

ट्रेकनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्टेशनचा पूल उतरताना कठड्याला धरावं लागतं, त्याचं खापर अजूनही लॅक्टिक आम्लावर फुटतं. ते बिचारं तासाभरात रक्तातून निघून गेलेलं असतं. दुखतात ते स्नायूतंतूंना पडलेले सूक्ष्म ताण, आणि ते दुखणं 24 ते 72 तासांत कळसाला जातं. स्ट्रेचिंगने त्यात नगण्य फरक पडतो. निघण्याआधीच आयब्युप्रोफेनची गोळी घेण्याची पद्धत तर सोडलेलीच बरी; घाम गाळून पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर ताण आणते.

क्लाइंबिंगवाल्यांचा युक्तिवाद वेगळा असतो: ‘पाय दमलेत ना? मग आज वॉल करू, हात ताजे आहेत.’ स्नायूंपुरतं हे बरोबर आहे. बोटांचं गणित मात्र वेगळं. बोटांतले स्नायुबंध आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते स्नायूंपेक्षा फार सावकाश बळकट होतात. सहा महिन्यांत हात एवढे तयार होतात की छोट्या पकडीवर सगळं वजन टाकता येतं, आणि नेमकं तेव्हाच अनामिकेतून ‘टक्’ असा आवाज येतो. बोटांच्या दोन कडक सरावांत निदान 48 तास जाऊ द्यावेत. वाढत्या वयातल्या मुलांची हाडांची टोकं अजून जुळलेली नसतात, त्यांना नुसत्या बोटांवर लटकवू नये. आणि हात-पाय वेगळे असले तरी झोप एकच असते.

झोपेवरून नाइट ट्रेक आठवतो. शनिवारी दिवसभर काम, रात्री दादरला गाडी बदलून कसारा लोकल, जीपने बारी, पहाटे तीनला चढाई. आनंद मोठा, नाकारत नाही. पण सतत 17 तास जागलेल्या माणसाची सावधता रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे गाडी चालवायला मर्यादा 0.03 ची. सकाळी सहाला उठलेला माणूस पहाटे तीनला 21 तास जागा असतो, आणि कातळातल्या पायऱ्या उतरायच्या अजून बाकीच असतात. रविवारी रात्री घरी, सोमवारी सकाळी पुन्हा विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये चर्चगेटपर्यंत उभं. असा प्रवास विश्रांतीत धरता येत नाही. तो ज्याचा रोजचा आहे त्याने पुण्याच्या किंवा युरोपातल्या धावपटूचा सरावतक्ता जसाच्या तसा उचलू नये.

‘एवढा फिट आहे, हिमालयात काय होणार?’ याचं उत्तर थोडक्यात: तंदुरुस्तीने विरळ हवेचा त्रास टळत नाही. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर 1,646 मीटर, तर लेहचा विमानतळच 3,200 मीटरच्या वर. उंचीची सवय सह्याद्रीत होत नाही, ती तिथेच, मुक्कामाने होते. 3,000 मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, हा सर्वमान्य नियम आहे. तंदुरुस्त माणूस उलट जास्त घाई करतो आणि फसतो.

तोल आठवड्यातच साधला पाहिजे असंही नाही. आपल्याकडे निसर्गानेच वेळापत्रक लावून दिलंय. जून ते सप्टेंबर ओला कातळ चढण्यालायक नसतो; ते महिने जिना, वजनं आणि कृत्रिम भिंतीवरच्या सरावाचे. पावसाळी ट्रेक करावेत, पण चिखलातले उतार सावकाश. ऑक्टोबरात भाईंदरचा दमटपणा नाडी वाढवतो, तेव्हा घड्याळातला वेग न बघता बोलता येईल इतपतच पळावं. नोव्हेंबरपासून कातळ पुढे आणि पळणं मागे. नाइट ट्रेक झाला की पुढच्या आठवड्यात सोमवार-मंगळवार रिकामे, बुधवारी हलकं चालणं, आणि भिंतीचा सराव जमला तर गुरुवारी.