न मागता मागितलेली निवृत्ती

जपानचे पंतप्रधान शिन्झो आबे यांनी २०१६ सालच्या सप्टेंबरात सहा जाणत्या व्यक्तींची एक समिती नेमली, तेव्हा तिच्यापुढचा खरा प्रश्न कोणता हे त्या देशातील शाळकरी पोरालाही ठाऊक होते : ब्याऐंशी वर्षांच्या सम्राट अकिहितो यांना जिवंतपणी सिंहासनावरून उतरू द्यावे की नाही, एवढाच तो प्रश्न. परंतु समितीचे बारसे करताना मुत्सद्द्यांनी अशी काही सावधगिरी बाळगली की पदत्यागाचा नुसता उच्चारही तिच्या नावात येऊ नये. ‘सम्राटांच्या सार्वजनिक कर्तव्यांचा भार हलका करणे इत्यादी बाबींसंबंधी जाणकारांची बैठक’ अशा आशयाचे ते ऐसपैस नामाभिधान होते, आणि सगळा मामला त्यातील ‘इत्यादी’मध्ये दडलेला होता. पुढील अडीच वर्षांत जे घडले, ते या एका शब्दाच्या आडोशानेच घडले असे म्हटले तरी चालेल.

या लपंडावाचे मूळ जपानच्या राज्यघटनेत आहे. महायुद्धातील पराभवानंतर, १९४७ साली अमलात आलेल्या त्या घटनेने सम्राटाला राष्ट्राचे आणि जनतेच्या ऐक्याचे प्रतीक ठरविले, आणि चौथ्या कलमात स्पष्ट बजावले की राज्यकारभारासंबंधी कोणताही अधिकार त्याला असणार नाही. (तो राष्ट्रप्रमुख आहे की नाही, याविषयीही तेथील कायदेपंडितांत एकवाक्यता नाही, परदेशी वकिलांची अधिकारपत्रे मात्र त्याच्याच हाती दिली जातात.) आता सम्राटाने ‘मला निवृत्त व्हावयाचे आहे’ असे म्हणावे आणि त्याचे म्हणणे शिरोधार्य मानून संसदेने कायदा करावा, तर सम्राटाच्या इच्छेने कायदा झाला, म्हणजेच घटनेचा भंग झाला, आणि त्याने काहीच न बोलावे, तर १९४७ च्याच राजघराण्याच्या कायद्याप्रमाणे नवा सम्राट गादीवर येण्यास जुन्या सम्राटाचा मृत्यू हा एकच मार्ग मोकळा होता. मतदानाचा हक्क नाही, राजीनाम्याचा नाही आणि तक्रारीचा तर मुळीच नाही, अशा या पदावरील वृद्धाने सुटका मागावी तरी कोणत्या तोंडाने?

वास्तविक पदत्याग ही जपानी राजघराण्याला अपूर्वाईची गोष्ट नव्हे. अकिहितोंपूर्वीच्या सव्वाशेच्या आसपास सम्राटांपैकी जवळजवळ निम्म्यांनी हयातीतच गादी सोडलेली आहे, आणि त्यांतील कित्येकांनी ती सोडली ती सत्ता अधिक घट्ट धरण्यासाठी. अकराव्या शतकातील शिराकावा या सम्राटाने बालवयाच्या मुलाला सिंहासनावर बसविले आणि नंतर स्वतः चार दशके पडद्याआडून राज्य हाकले. पुढे खरी सत्ता शोगुन या लष्करी कारभाऱ्यांच्या हाती गेली आणि क्योतोचा सम्राट केवळ मान्यतेचा शिक्का उरला. सातारची गादी आणि पुण्याचा कारभार ज्यांनी बखरींतून वाचला आहे, त्यांना ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. १८१७ साली कोकाकु या सम्राटाने पदत्याग केला, तो अकिहितोंपूर्वीचा अखेरचा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मेइजी काळात, नवे राज्य उभारणाऱ्यांना हा इतिहास तोंडपाठ होता, म्हणूनच त्यांनी ही वाट बुजवून टाकली. राजघराण्याच्या कायद्याच्या मूळ मसुद्यात पदत्यागाची तरतूद होती. परंतु १८८७ साली ताकानावा येथील खलबतात मुत्सद्दी इतो हिरोबुमी यांनी तिच्यावर काट मारली, आणि १८८९ चा कायदा तिच्यावाचूनच जाहीर झाला. दोन सम्राट, दोन दरबार आणि दोन गट ही भीती तर होतीच. शिवाय सम्राटाला कोणी जबरीने उतरवील, किंवा तो स्वतःच लहर आली म्हणून उतरेल, या दोन शंका पुढे शतकभर सरकारच्या उत्तरांत ठरावीक पाठासारख्या येत राहिल्या. १९४६ साली नवा कायदा घडत असताना अकिहितोंचे वडील सम्राट हिरोहितो यांचे धाकटे बंधू राजपुत्र मिकासा यांनी पदत्यागाची सोय ठेवावी असे लेखी मांडले होते. पण तेव्हा दार किलकिले केले असते, तर युद्धाची नैतिक जबाबदारी घेऊन हिरोहितोंनीच प्रथम त्यातून बाहेर पडावे अशी मागणी झाली असती, हे सर्वांना दिसत होते. म्हणून ते बंदच राहिले.

अकिहितो १९८९ च्या जानेवारीत गादीवर आले ते पंचावन्न वर्षांचे असताना. केवळ प्रतीक असणाऱ्याने दिवसभर करावे तरी काय, या प्रश्नाचे उत्तर घटनेने दिलेले नव्हते. ते त्यांनी प्रवास करकरून दिले. १९९१ साली उन्झेन ज्वालामुखीच्या उद्रेकाने बेघर झालेल्या लोकांना भेटताना ते आणि सम्राज्ञी मिचिको निवाऱ्याच्या जमिनीवर गुडघे टेकून त्यांच्याशी बोलले, आणि ज्यांच्या पित्याला एके काळी देव मानले जात होते त्या सम्राटाचे हे जमिनीलगतचे दर्शन काही परंपराभिमान्यांना मुळीच रुचले नाही. कोबेचा भूकंप, २०११ ची सुनामी, सायपान आणि पेलेलिऊ या रणभूमी, कुष्ठरोग्यांच्या वसाहती, अशा भेटींतून त्यांनी आपल्या पदाला अर्थ दिला. पण हा अर्थ पायांवर उभा होता, आणि पाय थकत चालले होते. २००३ साली प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, २०१२ साली हृदयाची. प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांनुसार २०१० च्या उन्हाळ्यातच त्यांनी आपल्या सल्लागारांजवळ खाजगीत पदत्यागाचा विषय काढला होता, आणि प्रथम सर्वांनीच त्यांना राजप्रतिनिधी नेमण्याचा सल्ला दिला होता. कायद्यात तशी तरतूद असल्याने तो मार्ग सरकारलाही सोयीचा होता : सम्राट नाममात्र राहील, युवराज त्याच्या वतीने कामे करील, आणि कोणताच नवा प्रश्न उपस्थित होणार नाही.

१३ जुलै २०१६ रोजी सायंकाळी सात वाजता एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने सम्राटांचा पदत्यागाचा मानस जाहीर केला. राजघराण्याचा कारभार पाहणाऱ्या दरबार खात्याने त्याच संध्याकाळी त्याचा साफ इनकार केला. वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत घटनादुरुस्तीला अनुकूल पक्षांना दोनतृतीयांश बळ मिळून तेव्हा जेमतेम तीन दिवस लोटले होते. युद्धोत्तर घटनेविषयी अकिहितोंची निष्ठा सर्वश्रुत असल्यामुळे, आबे यांच्या घटनादुरुस्तीला खीळ घालण्यासाठीच हा बाण सुटला, असा तर्क काहींनी लढविला. मला तो फारसा पटत नाही. सहा वर्षे मनात घोळणाऱ्या गोष्टीला तीन दिवसांपूर्वीच्या निवडणुकीचे कारण चिकटविणे हा वृत्तपत्री घाईचा मासला होय.

इनकाराला महिना होण्यापूर्वीच, ८ ऑगस्ट रोजी दुपारी तीन वाजता, दूरचित्रवाणीवर सम्राटांचे सुमारे अकरा मिनिटांचे भाषण प्रसृत झाले. मुत्सद्देगिरीचा नमुना म्हणून ते पुनःपुन्हा वाचण्याजोगे आहे. पदत्याग हा शब्द त्यात एकदाही आलेला नाही. प्रचलित व्यवस्थेविषयी मी काही बोलणार नाही, एक व्यक्ती म्हणून मनात आलेले विचार तेवढे सांगतो, अशी प्रस्तावना करून त्यांनी शक्ती क्षीण होत असल्याचे सांगितले. कर्तव्यांची काटछाट सतत करीत राहणे शक्य नाही असे म्हटले. राजप्रतिनिधी नेमला तरी कर्तव्य पार पाडू न शकणारा सम्राट अखेरपर्यंत सम्राटच राहतो, हे नमूद करून सरकारच्या आवडत्या तोडग्याचा पाय अलगद काढून घेतला. आणि मग ते मृत्यूकडे वळले. सम्राटाची प्रकृती ढासळली की समाजाचे व्यवहार ठप्प होतात. मृत्यूनंतर दोन महिने जड अंत्यविधी चालतात, अंत्यसंस्कारांशी निगडित कार्ये वर्षभर चालतात, आणि त्याच वेळी नव्या राजवटीचे सोहळेही उरकावे लागतात, त्याने मागे राहिलेल्या कुटुंबीयांचे हाल होतात. ऐकणाऱ्यांना लगेच १९८८ चा पावसाळा संपतानाचे दिवस आठवले. हिरोहितो अंथरुणाला खिळले होते, गावोगावचे उत्सव रद्द होत होते, जाहिरातींतला आनंदही आवरता घेतला जात होता, आणि असे साडेतीन महिने चालले होते. आपले म्हणणे जनतेला समजेल अशी आशा व्यक्त करून सम्राटांनी भाषण संपविले. मागणी काहीच केली नव्हती. पण जनमताच्या चाचण्यांत पदत्यागाला ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांचा पाठिंबा दिसू लागला, आणि सरकारपुढे पर्याय उरला नाही.

सरकारने आपली नाराजी दप्तरी रिवाजाप्रमाणे व्यक्त केली. सप्टेंबरच्या अखेरीस दरबार खात्याचे प्रमुख बदलले, उपप्रमुख त्यांच्या जागी आले, आणि रिक्त झालेल्या उपप्रमुखपदी मंत्रिमंडळाच्या कचेरीतील एक अधिकारी, पूर्वीचे तोक्योचे पोलीसप्रमुख, बसविण्यात आले. खात्यावर लगाम घट्ट केला, असाच याचा अर्थ राजकीय वर्तुळात लावला गेला.

आबे यांची अडचण समजून घेण्यासारखी होती. त्यांचे कट्टर पाठीराखे परंपरेचे कैवारी. आणि नेमके त्यांनाच पदत्याग नको होता. एकदा का राजघराण्याच्या कायद्याला हात लागला, की त्यातील दुसरा निखारा, म्हणजे स्त्रियांना सिंहासनाचा वारसा मिळावा की नाही हा प्रश्न, फुंकर न मारताच पेटणार. २००५ साली पंतप्रधान कोइझुमी यांच्या सरकारच्या समितीने स्त्रीवारसाच्या बाजूने कौल दिला होता, आणि पुढच्या सप्टेंबरात हिसाहितो हा राजपुत्र जन्मल्यामुळे तो प्रश्न बासनात गुंडाळला गेला होता. तो पुन्हा सोडावयाचा नाही, हा आबे यांचा निर्धार. त्यामुळे मूळ कायद्याला धक्का न लावता केवळ या एका सम्राटापुरता विशेष कायदा करावा, अशी तजवीज झाली. इकडे सम्राटांच्या विद्यार्थिदशेतील एका मित्राने जाहीर केले की, पुढील सम्राटांनाही लागू पडेल अशी कायमची व्यवस्था व्हावी, असे सम्राट आपल्याशी दूरध्वनीवर बोलले होते. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचा आग्रहही तोच होता. माझ्या मते साऱ्या प्रकरणाचा गाभा येथे आहे : सम्राट एक नियम मागत होते, आणि सरकार एक सवलत देऊ करीत होते.

समितीपुढे सोळा तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, आणि मते जवळजवळ दुभंगली. सम्राटाने राजवाड्यात राहून राष्ट्रासाठी प्रार्थना करावी, तेवढे पुरे, असे काही परंपरावाद्यांनी सुनावले. सिंहासनावरील वृद्धाची बाजू उदारमतवादी आणि साम्यवादी संसदसदस्यांनी घ्यावी, आणि राजनिष्ठेचा टिळा लावणाऱ्यांनी त्याला गप्प बसण्यास सांगावे, असा हा विलक्षण योग होता. प्रार्थनेचा तो सल्ला अकिहितोंच्या जिव्हारी लागल्याचे पुढे वृत्तपत्रांत आले.

तडजोड घडवून आणली ती कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष तादामोरी ओशिमा यांनी. सर्व पक्षांशी बोलून मार्च २०१७ मध्ये त्यांनी असा मार्ग काढला की, कायदा विशेषच राहावा, परंतु तो मूळ कायद्याचाच भाग आहे अशी नोंद मूळ कायद्याच्या परिशिष्टात करावी. अशाने सरकारला ‘एकदाच’ म्हणता येत होते आणि विरोधकांना ‘नजीर पडली’ म्हणता येत होते. ९ जून रोजी कायदा वरिष्ठ सभागृहात संमत झाला. त्याचे पहिलेच कलम भिंगाखाली धरण्यासारखे आहे. त्यात सम्राटांचे त्र्याऐंशी वर्षांचे वय आहे, त्यांना वाटणारी चिंता आहे, युवराजांचे वय आहे. पण सम्राटांची इच्छा आहे म्हणून हा कायदा, असे कोठेही नाही. जनता त्यांच्या भावना समजून घेते आणि त्यांच्याशी सहानुभाव बाळगते, म्हणून हा कायदा. घटनेचे चौथे कलम अशा रीतीने अभंग राहिले.

तारखेवरूनही ओढाताण झाली. २०१८ च्या डिसेंबरअखेर पदत्याग आणि नववर्षदिनी नवी राजवट, हा विचार दरबार खात्याला मानवेना, कारण तेव्हा राजवाड्यातील धार्मिक विधींची गर्दी असते. मार्चअखेरचा मुहूर्त घ्यावा, तर अंदाजपत्रक आणि स्थानिक निवडणुका आड येत होत्या. अखेर ३० एप्रिल २०१९ ठरला. त्या संध्याकाळी पाच वाजता राजवाड्यातील पाइनच्या दालनात झालेला समारंभ दहा-बारा मिनिटांतच आटोपला. प्रथम आबे बोलले, विशेष कायद्यानुसार सम्राट आज निवृत्त होत आहेत हे त्यांनी जाहीर केले, आणि त्यानंतर सम्राटांनी जनतेचे आभार मानले. हा क्रम सहज पडलेला नव्हता. स्वतःच्या निवृत्तीची घोषणा सम्राटाने स्वतः करणे घटनेच्या विरुद्ध दिसले असते. पवित्र खड्ग आणि रत्न बापाने लेकाच्या हाती दिले नाही. सेवकांनी ते उचलून नेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, वेगळ्या समारंभात, नवे सम्राट झालेल्या नारुहितोंपुढे आणून ठेवले. गादी ‘दिली’ असे दिसू नये, यासाठी मध्ये एक रात्र घालण्यात आली होती.

कायदा संमत करताना संसदेने एक जोडठराव केला होता : विवाहानंतरही राजकन्यांना राजघराण्यात राहू द्यावे की काय, याचा सरकारने विनाविलंब विचार करावा. त्यावर नेमलेल्या दुसऱ्या समितीचा अहवाल २०२१ च्या डिसेंबरात आला, आणि तो संसदेच्या अध्यक्षांकडे सोपविण्यात आला. नारुहितो गादीवर बसले त्या दिवशी वारसांच्या यादीत तीन नावे होती : धाकटे बंधू, तेरा वर्षांचाही न झालेला पुतण्या, आणि ऐंशी ओलांडलेले काका.