शेअर बाजारात घालवलेला वेळ वसूल होतो का? एक साधा हिशोब



हल्ली मधल्या सुट्टीत चहाबरोबर निफ्टीचाही विषय निघतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या बहुतेकांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे पुढची काळजी खरीच आहे. गुंतवणूक करायला हवी, यात वाद नाही. प्रश्न एवढाच आहे, की रोज बाजार बघून शेअर घेण्या-विकण्यात जो वेळ जातो, तो वसूल होतो का?

चला, फळ्यावर मांडतो तसं गणित मांडू.

समजा, तुमचे २ लाख रुपये इंडेक्स फंडात आहेत. हा फंड निफ्टी ५० सारख्या निर्देशांकातले सगळे शेअर त्याच प्रमाणात घेऊन ठेवतो. वर्षाला १२ टक्के वाढ धरू (मिळेलच असं नाही, फक्त उदाहरण). वाढ झाली २४,००० रुपये. आता तुम्ही स्वतः अभ्यास करून १४ टक्के मिळवले, म्हणजे २८,००० रुपये. जास्तीचे ४,०००. बाजार वर्षात साधारण २५० दिवस चालतो. रोज एक तास दिला, तर ४,००० भागिले २५०, म्हणजे ताशी १६ रुपये!

तेही कराआधी. वर्षाच्या आत शेअर विकले, तर नफ्यावर २० टक्के कर लागतो. २८,००० वर ५,६०० गेले, उरले २२,४००. म्हणजे काहीच न करणाऱ्याचे २४,००० पुढेच राहिले. त्याने विकलंच नाही, म्हणून आज कर नाही. वर्षानंतर विकलं, तर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर लागत नाही. ब्रोकरेज मी धरलेलंच नाही.

तुम्ही म्हणाल, "मी जास्त हुशारीने करीन." इथे वर्गाची सरासरी आठवा. सरासरी ६० असेल, तर सगळ्यांना ६१ मिळू शकत नाहीत. कुणी वर गेला, तर बाकीचे मिळून तेवढेच खाली असतात. परीक्षेत निदान सगळा वर्ग अभ्यास करून सरासरी वाढवू शकतो. पण सगळ्यांनी चार्ट जास्त बघितले, म्हणून कंपन्यांचा नफा वाढत नाही. अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये हेच दाखवलं: सक्रिय गुंतवणूकदारांना सगळे मिळून सरासरीच मिळते, आणि खर्च वजा केला की त्याहून कमी.

फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तर स्थिती आणखी वाईट. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. एकूण तोटा १.८ लाख कोटींपेक्षा जास्त. स्टाफरूममध्ये मात्र आपल्याला नफ्याच्याच गोष्टी ऐकू येतात, कारण तोटा झालेला माणूस गप्प चहा पितो. मीही वर्षभर तसाच गप्प होतो.

मग वेळ द्यायचाच नाही का? द्यायचा, पण योग्य ठिकाणी. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवणं, टर्म आणि आरोग्य विमा, महागडं कर्ज आधी फेडणं, एसआयपी सुरू करणं, नॉमिनीची नावं तपासणं. हे काही रविवारांचं काम आहे. नंतर वर्षातून एकदा बघितलं तरी पुरतं. रक्कम २ कोटी असेल, तर तेच २ टक्के ४ लाख होतात आणि हिशोब बदलतो. पण ते जास्तीचे २ टक्के मिळण्याची खात्री तेव्हाही नसते. कुणाला मनापासून आवडच असेल, तर छोटी रक्कम छंद म्हणून ठेवावी.

आणखी एक. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत शेअरची वारंवार खरेदी-विक्री सट्टा मानली आहे आणि सट्ट्याला मनाई आहे. आपल्याला लागू असलेले नियम एकदा वाचून घ्या.

शेवटी एक स्वाध्याय. वरच्या गणितात स्वतःची रक्कम आणि स्वतःचे तास घाला. घरात सातवीचं मूल असेल तर त्यालाच सोडवायला द्या, शेकडेवारीचा सराव होईल. बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो. आपल्या शाळेची वेळही जवळपास तीच आहे. तो एक तास नेमका कुणाच्या वाट्याचा जातो, हेही उत्तराखाली लिहा.